पॉलिसी मॅच्युअर झाली

आमच्या नातीने कॉलेजात 'पब्लिक पॉलिसी' हा विषय घेतला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या सुभेदारसाहेबांनी मला जिन्यात गाठलं.

"किती वर्षांची?"

"अठरा पूर्ण," मी म्हणालो.

"पोरगी नव्हे हो! पॉलिसी!"

"तीन."

"मग बोनस फारसा नाही सुटायचा," असं म्हणून ते दूध आणायला गेले.

चूक सुभेदारसाहेबांची नाही. मराठी घरात पॉलिसी म्हणजे एकच. जिचा हप्ता भरायचा राहतो आणि जिचे कागद कपाटात शालूच्या घडीखाली असतात ती. बरं, मराठीत सांगावं तर 'सार्वजनिक धोरण'. आपल्याकडे 'सार्वजनिक' म्हटलं की पुढे गणपती तरी येतो नाहीतर शौचालय. आणि 'धोरण' हा शब्द सरळ माणसाबद्दल कोणी वापरतच नाही. 'तो मोठा धोरणी आहे' असं कानावर आलं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. आमच्या मेहुणीने तर स्पष्टच सांगितलं, "एवढी फी भरण्यापेक्षा पोरीला दोन महिने माझ्या सासूबाईंकडे ठेवायची होतीत. धोरण फुकटात शिकली असती."

वास्तविक हा उद्योग पुण्याला नवा नाही. 1870 साली सार्वजनिक सभा निघाली ती याच कामासाठी. 1876-77 च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला पाठवली होती. पुढे गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं आणि 1912 साली ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. म्हणजे धोरण आखणं, ते मांडणं आणि ते पडणं या तिन्ही गोष्टी पुण्यात फार पूर्वीपासून होत आल्या आहेत. फरक इतकाच की तेव्हा त्याची पदवी मिळत नसे. आता लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठासारख्या ठिकाणी हा विषय थेट बी. ए. ला घेता येतो. आमची चिमी अशाच एका ठिकाणी तीन वर्षं शिकली आणि 2025 च्या उन्हाळ्यात पास झाली.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी आहे. नावानिशी नाही. पान 41 वर 'प्रतिसादक क्र. 7 (पुरुष, वय 73, निवृत्त)' असं जे लिहिलंय, तो मी. माणसाने छत्तीस वर्षं सरकारी नोकरी करावी, पोरं वाढवावी, विश्रांतवाडीत स्वतःचा फ्लॅट घ्यावा आणि शेवटी क्रमांक 7 व्हावं! क्रमांक 6 कोण, असं मी विचारलं. ते गोपनीय असतं म्हणाली.

प्रकल्प होता रोजगार हमीवर. हा विषय काढला की मी गप्प बसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वि. स. पाग्यांनी 1965 साली तासगावच्या बाजूला केलेला प्रयोग, मग सबंध राज्यात योजना, 1977 चा कायदा, 1979 च्या प्रजासत्ताकदिनापासून त्याची अंमलबजावणी. मागेल त्याला काम! आणि त्यासाठी पैसा कुठून? तर 1975 पासून तुमच्याआमच्या पगारातून व्यवसाय कर कापून. दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात पाहून मी जे बोलत असे, ते मी प्रतिसादात दिलेलं नाही.

पण चिमीला पाहिजे होतं ते त्याच्या आधीचं. 1972 चा दुष्काळ. तेव्हा मी वीस वर्षांचा, नुकता चिकटलेला, नगर जिल्ह्यात एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होतो. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. त्यातली शेसव्वाशे माझ्या मस्टरवर. चिमीने मोबाइल मधे ठेवून तासभर मुलाखत घेतली. मी मिलो ज्वारी सांगितली, सुकडी सांगितली, खडी फोडण्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला. एरवी आजोबा आठवणी सांगायला लागले की हीच पोरगी कानात बोंडं घालते. आता 'आणखी सांगा' म्हणत होती! मी रंगात आलो होतो. मग तिने कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला.

"मस्टरवर तुम्ही कधी कोणाची हजेरी कापलीत का?"

मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "सगळं नियमाप्रमाणे होतं."

तेवढंच पान 41 वर छापलंय. अवतरणचिन्हांत.

तर निकाल लागला आणि चिमीच्या वर्गातल्या आठ जणांनी तिच्यासकट आमच्याच गच्चीवर जेवायला जमायचं ठरवलं. कोणी कोथरूडचं, कोणी बाणेरचं, एक जळगावचा, एक मुलगी नागपूरची. पुढे प्रत्येक जण कुठेतरी जाणार, म्हणून एकदा सगळे एकत्र. तारीख ठरली 20 जून. पोरांनी चार तास चर्चा करून, सगळ्यांच्या सोयी पाहून ठरवली. मुलं तारीख ठरवताहेत म्हणून सौ. मधे बोलली नाही.

20 जून 2025 ला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यात येणार होती. आणि ती विश्रांतवाडीतूनच येते.

विश्रांतवाडीत राहून विश्रांती मिळते असा ज्यांचा समज असेल त्यांनी एक रात्र आमच्याकडे काढावी. डोक्यावर लोहगावची विमानं, खाली आळंदी रस्त्याचे ट्रक, मधल्या मधे कोणाच्या तरी वरातीचा बँड. पण वर्षातून एक दिवस असा येतो की सगळी वाहनं बंद होतात आणि दिघी, कळस, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी असा सबंध रस्ता फक्त पायांचा होतो. वाहतूक बदलाचं पत्रक पेपरात आलेलं होतं. पब्लिक पॉलिसीचे आठ पदवीधर, त्यातल्या एकानेही पब्लिक नोटीस वाचली नव्हती! नववी आमच्या घरात राहते, तिच्याबद्दल मी बोलत नाही.

सकाळी दहापासून फोन सुरू झाले. रिक्षावाल्याने संगमवाडीच्या पुलापाशी उतरवलं, आता काय करू? मी म्हटलं, "चालत ये. सगळा महाराष्ट्र चालतोय." एकेक जण तासभर चालत, समोरून येणाऱ्या वारकऱ्यांच्या लोंढ्यातून उलट्या दिशेने वाट काढत पोचला. जळगावच्या मुलाच्या कपाळावर बुक्का होता आणि हातात कोणीतरी दिलेली दोन केळी. नागपूरच्या मुलीच्या पायात उंच टाचांचे जोडे होते, ते तिने हातात घेतले होते. केक मात्र पुलापलीकडेच अडकला. केकवाला चालायला तयार नव्हता.

गच्चीवर जायचं सोडून सगळी खाली फाटकापाशीच उभी राहिली. सोसायटीतर्फे दरवर्षी पाणी वाटतात. सुभेदारसाहेब पिंपांवर कमांडर. त्यांनी एका नजरेत आठ तगडी पोरं पाहिली आणि दोन मिनिटांत प्रत्येकाच्या हातात तांब्या दिला. पोरांनी पाणी दिलं खरं, पण तीन वर्षांची सवय कशी जाईल? रथापुढच्या दिंड्या वेगळ्या, मागच्या वेगळ्या, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचा विणेकरी, सामानाच्या ट्रकला आधीच पुढचा मुक्काम ठाऊक. हैबतबाबांनी घालून दिलेली ही रीत जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहे, हे मी सांगितलं तेव्हा बाणेरचा मुलगा हरखलाच. त्याने एका टाळकऱ्याला अडवून विचारलं,

"काका, तुमचं सगळं कोऑर्डिनेशन कोण करतं?"

"माऊली," टाळकरी म्हणाला आणि पाणी पिऊन गेला.

बाणेरच्याने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. आडनाव विचारायचं राहिलं म्हणून हळहळत होता.

दुपारी बाराच्या सुमाराला एक म्हातारी आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली. बीडकडची. माझ्याच वयाची असेल, पण चालण्यात मला दहा वर्षांनी हरवलं असतं. सौ.ने पिठलंभाकरी दिली. पोरं भोवती बसली. चिमीने सहज विचारलं, "आजी, बहात्तरचा दुष्काळ आठवतो का?"

"न आठवाया काय झालं? लगीन होऊन सालभर झालं व्हतं. खडी फोडली की. मिलो खाल्ला. लाल लाल भाकर, घशाखाली उतरायची न्हाई."

झालं! तीन वर्षं जो दुष्काळ पोरांनी तक्त्यांतून पाहिला तो पायरीवर बसून भाकरी खात होता. प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. मजुरी किती? वेळेवर मिळायची का? अंतर किती चालावं लागायचं? म्हातारी एक घास खाई, एक उत्तर देई. मी जरा मागे, सुभेदारसाहेबांच्या पिंपाआड सरकलो.

"आणि आजी, हजेरी कोण घ्यायचं?"

"कारकून."

"कसा होता?"

म्हातारीने भाकरीचा शेवटचा तुकडा पिठल्यात पुसला. "कसा असंल? पोरगंच व्हतं. एखाद्या बाईला जरा उशीर झाला की अर्धा दिस कापायचं. त्यालाबी वरनं कुणीतरी दाटत असंल." मग तिने तांब्याभर पाणी प्यायलं, सौ.च्या पाया पडायला वाकली, सौ. तिच्या पाया पडली, तेवढ्यात दोघींची डोकी आपटली, हसल्या, आणि म्हातारी पदर सावरून आपली दिंडी गाठायला निघून गेली.

हा माझा तलाव नव्हे. माझा नगरला, हिचा बीडकडे. ही ती बाई नव्हे, हे मी मनाला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी रस्ता रिकामा झाला. झाडणारे आले. पोरं गच्चीवर पाय पसरून बसली होती, मलाही वर बोलावलं. कोणीतरी म्हणालं, आजोबा, तुम्ही दोन शब्द बोला, तुम्ही आमचे सीनियर. पदवीदानाला पाहुणे बोलतात तसं मलाही बोलता आलं असतं. तीन वाक्यं मनात जुळवलीही होती, त्यात 'उज्ज्वल' हा शब्द दोनदा होता. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

एक बाई होती. तीन महिन्यांचं मूल बाभळीला झोळी बांधून ठेवायची. एके दिवशी ते रडायला लागलं म्हणून घमेलं टाकून गेली, आणि नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले. मस्टरवर 113, मोजली तर 112. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचा अर्धा दिवस कापला. ती येऊन उभी राहिली तोवर शाई वाळली होती. मजुरीवाटपाला अंगठा लावताना तिने एकदा वर पाहिलं. बोलली काहीच नाही. रक्कम म्हणाल तर सव्वा रुपयाच्या आत-बाहेर.

कोणी काही बोलेना. मग नागपूरची म्हणाली, "आजोबा, 2005 च्या कायद्यात आहे ना. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, की एका बाईने फक्त मुलं सांभाळायची. तिला पूर्ण मजुरी."

"तिथे एकच होतं," मी म्हणालो.

"मग पाच कशाला पाहिजेत?" जळगावचा म्हणाला, आणि त्यावर जे भांडण जुंपलं ते मी बघत राहिलो. एक म्हणे एका मुलासाठी बाई ठेवली तर खर्च वाढेल, दुसरी म्हणे मग आईला दोनदा सुट्टी लिहून द्या, तिसरा म्हणे लिहून दिलं तरी मस्टरवर कोण बसणार, आजोबाच ना? यावर सगळी माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. माझ्या नोकरीच्या काळात एवढं भांडण कधी झालंच नव्हतं. परिपत्रक यायचं, आम्ही आवक क्रमांक टाकायचो.

चिमी मात्र खाली गेली आणि प्रकल्पाची बांधलेली प्रत घेऊन आली. पान 41 उघडलं.

"आजोबा, हे खोटं आहे मग."

"मार्क किती मिळाले?"

"बेचाळीस. पन्नासपैकी."

"मग राहू दे की."

तिने राहू दिलं नाही. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, सगळं, 113 आणि 112 सकट. बाईचं नाव विचारलं. ते मला आठवत नव्हतं. साहेबांचं नाव आठवत होतं, बाभळ आठवत होती. तिने नावाची जागा कोरी ठेवली.

तेवढ्यात रात्री साडेआठला केक आला. दिवसभराच्या उकाड्याने एका बाजूला कललेला. त्यावर फोनवरून सांगितलेली अक्षरं मोठ्या मेहनतीने काढली होती, 'पब्लिक पोलीस, बॅच 2025'. पोरं हसून हसून लोळली. पण खाल्ला. मी एक तुकडा बशीत घालून तळमजल्यावर नेऊन दिला. त्या तुकड्यावर नेमकं 'पोलीस' आलं होतं.

सुभेदारसाहेबांनी चष्मा लावून ते वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, मग तीन वर्षं बोलला का नाहीत? चांगली नोकरी आहे!"