आयर्लंडचा बेत

बेळगाव-निपाणीकडच्या आम्हां मराठी माणसांना भाषेचा प्रश्न नवा नाही. म्हणूनच आयर्लंडच्या प्रवासाचा बेत आखताना डब्लिन शहराला आम्ही दोनच दिवस ठेवले आहेत. उरलेला आठवडा पश्चिमेकडील कॉनेमारा आणि ॲरन बेटांसाठी. तेथे चुन्यावाचून रचलेल्या दगडी कुंपणांआड अनेक घरांत आयरिश भाषा अजून रोज बोलली जाते. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला. परंतु १८४५ पासूनच्या दुष्काळाने आणि स्थलांतराने ओस पडलेली तिची घरे त्या मानाने पुन्हा भरली नाहीत. उन्हाळ्यात शहरातील मुले या कुटुंबांत राहून ती शिकतात. आम्हीही हॉटेलाऐवजी अशाच एखाद्या घरी उतरणार आहोत. राजमान्यतेवाचून मराठी सांभाळणाऱ्या आम्हांला त्या यजमानांना पुष्कळ विचारावयाचे आहे.