भेडाघाटला कॉन्टेसातून?

जबलपूरहून भेडाघाट सुमारे २५ किलोमीटर. धुवांधार धबधबा, चौसष्ट योगिनींचे देऊळ आणि संगमरवरी कड्यांमधून नौकेची फेरी, असा सहकुटुंब एक दिवस मजेत जातो. (पावसाळ्यात मात्र नौका बंद असतात.) घरात वडिलांच्या काळची कॉन्टेसा असेल, तर तीच काढावी असे मुलांना वाटणारच. मागच्या सीटवर तिघे ऐसपैस! पण जरा थांबा.

१९८४ साली हिंदुस्थान मोटर्सने आणलेल्या या गाडीचा साचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. थाट मोठ्या साहेबाचा, पण सुरुवातीचे इंजिन अँबॅसिडरचेच, जेमतेम ५० अश्वशक्तीचे. चढावर बिचारीला धाप लागे. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि गाडीत जीव आला. २००२ साली उत्पादन थांबले.

आता तिचा खरा शत्रू गंज. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि पायाखालचा पत्रा आधी पाहा. जबलपूरचा मे महिना चाळीस अंश सहज ओलांडतो. रेडिएटर गाळाने तुंबला असेल, तर इंजिन तापलेच म्हणून समजा. रबरी होज, फॅनबेल्ट आणि ब्रेकही निघण्यापूर्वी तपासून घ्या.

गाडी ठेवावी की विकावी? गालिचा उचलून पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. पत्रा टणक असेल, तर बाकीची दुखणी बरी होतात. तो कुजला असेल, तर आठवणी फोटोत जपा आणि धुवांधारला टॅक्सीने जा. घरची माणसे सुखरूप परतणे महत्त्वाचे.