पीप्सची रोजनिशी आणि आमची ट्रंक

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला गर्दीत हळूच हात खिशाशी नेणारे भाविक आम्ही पाहिले आहेत. क्वचित तो हात आमचाही असतो. म्हणूनच सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीतील २४ डिसेंबर १६६७ ची नोंद वाचताना आम्हांस हसू आवरेना. हा गृहस्थ लंडनच्या नौदल कचेरीतला अधिकारी, पंथाने प्रॉटेस्टंट. केवळ कुतूहलापोटी तो राणी कॅथरिनच्या कॅथॉलिक प्रार्थनामंदिरात रात्री नऊपासून दोनपर्यंत बसला. (मुंबई बेट जिच्या लग्नात आंदण म्हणून दिले गेले, तीच ही पोर्तुगीज राजकन्या.) संगीत त्याला आवडले, पण खिसा कापला जाण्याची धास्ती काही जाईना. एका हाताने जपमाळ ओढीत दुसऱ्या हाताने खाणाखुणा करणारे लोक त्याने टिपले. कॅथॉलिकांनी गुडघ्यांखाली घ्यायला उशा आणल्या होत्या. याच्याजवळ नव्हती, तेव्हा हाल झाले. बाळाच्या जन्माचा देखावा पाहायला मिळेल ही आशाही फसली. वाचकहो, जपमाळेविषयीचा त्याचा आक्षेप आम्हांस अजून खोडून काढता आलेला नाही.

ही रोजनिशी १ जानेवारी १६६० रोजी सुरू झाली आणि दृष्टी जाईल या भीतीने ३१ मे १६६९ रोजी थांबली. मजकूर लघुलिपीत असल्यामुळे तो जगापुढे यायला १८२५ साल उजाडले. तिच्या आरंभापूर्वी जेमतेम दोन महिने आमच्या सातारा जिल्ह्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी, अफझलखानाचा वध झाला होता. त्या दिवशी जावळीतल्या एखाद्या घरी चूल पेटली की नाही, हे कोणी लिहून ठेवले?

रोजनिशी आपल्याकडेही होती. सातारकर महाराज व पेशवे यांच्या दप्तरांतील उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांवर अभ्यासपूर्ण प्रस्तावना लिहिली. वतने, महसूल, किल्ले, तंटे, शिक्षा, सारे तेथे आहे. ते राज्याचे दप्तर. पोटदुखी आणि नवराबायकोचे भांडण त्यात यावे तरी कसे? पीप्सपाशी तेच भरपूर आहे. १६६६ च्या आगीत लंडन जळत असताना या माणसाने बागेत खड्डा खणून दारू आणि इटलीचे चीज पुरले!

हे वाचताना आम्ही हसलो खरे, पण लगेच ऑगस्ट २०१९ आठवला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती आणि पाणी आमच्या उंबऱ्याशी आले होते. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, रेशनकार्ड, गव्हाचा डबा, लोणच्याची बरणी, इतके आम्ही माडीवर नेले. कै. वडिलांच्या वह्यांची ट्रंक खालीच राहिली. राहिली म्हणणे खोटे. जड आहे, जुनी रद्दी आहे, असे म्हणून ती आम्हीच राहू दिली. आई जिन्यात उभी होती. ती काही बोलली नाही. पाणी ओसरल्यावर ट्रंकेत लगदा तेवढा सापडला.

एकच वही वाचली. ती साताऱ्यास धाकट्या बंधूंकडे होती. साल १९७२, दुष्काळाचे. गेल्या उपवासकाळात ती मागवून आम्ही आईला वाचून दाखवली. एका पानावर असे होते: रेशनच्या मिलोची भाकर थोरल्याने पानात टाकली, मी हात उगारला, रात्री झोप लागली नाही. तो थोरला म्हणजे आम्ही. त्या माराची आठवण आम्हांस मुळीच नव्हती आणि वडिलांची झोप उडाल्याचे तर कधीच कळले नव्हते.

पीप्सच्या पत्नीने, एलिझाबेथने, आपल्या एकलेपणाविषयी एक कागद लिहिला होता. ९ जानेवारी १६६३ रोजी पीप्सने तिच्यादेखत तो फाडला, आणि फाडल्याचे स्वतःच नोंदवून ठेवले. तिचे म्हणणे आपल्याला कळते ते एवढेच, त्याच्याच लेखणीतून.

आम्ही वही मिटू लागलो, तेव्हा आई म्हणाली, "भाकरीचं पुढं काय झालं, ते नाही लिहिलं होय त्यांनी?"

"नाही."

"मी खाल्ली. त्या दिवशी माझ्या वाटणीला तेवढीच होती."

आम्ही बंधूंना विचारून त्या पानाच्या समासात, आईच्या शब्दांत, हे लिहून घेतले. तारीख आजची घातली.