जॉन्सनसाहेबांचा फोन

ऑस्टिनमध्ये पाहुण्याला संध्याकाळी काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलावर वटवाघळं बघायला नेतात. मलाही नेलं. पुलाखालून लाखोंनी उडाली, बघितली, झालं. पण परतताना भाचा सहज बोलून गेला, "मामा, इथे प्रेसिडेंट जॉन्सनचे व्हिएतनामवरचे फोन ऐकायला मिळतात," आणि माझे पुढचे सगळे बेत बारगळले.

मोटेलात कॉफीच्या नावाखाली मिळणारं गढूळ पाणी पिऊन सकाळीच टेक्सास विद्यापीठाचं आवार गाठलं. १९७१ साली उघडलेलं जॉन्सन ग्रंथालय म्हणजे दहा मजली दगडी ठोकळा. आत काचेआड मजल्यांवर मजले कागदपत्रांची लाल खोकी. विनोद सांगणाऱ्या यांत्रिक जॉन्सनपुढे मी थांबलो नाही. माहिती देणारे आजोबा नागरी हक्क आणि मेडिकेअर सोडायला तयार नव्हते. त्यांचंही चूक नाही, पण मला फोन ऐकायचा होता. तिथल्या रिसीव्हरमध्ये तुकडेच होते. पूर्ण संभाषण बाहेर बाकावर बसून मोबाइलवर ऐकलं.

२७ मे १९६४. पलीकडे सिनेटर रिचर्ड रसेल, जॉन्सनचे जुने मार्गदर्शक. व्हिएतनामचं काय करायचं, असं अध्यक्ष विचारतात, तर रसेलनाही वाट दिसत नाही. मग जॉन्सन आपल्या घरी कामाला असलेल्या सार्जंटचं सांगू लागतात. त्याला सहा पोरं. सैन्य पाठवायचा विचार आला की हाच बाप डोळ्यांपुढे येतो. त्याला तिकडे धाडून मिळणार काय? अंगावर काटा येतो म्हणतात. आणि त्याच संभाषणात ही धास्ती, की पळ काढणाऱ्या अध्यक्षावर महाभियोगच येईल! त्याच दिवशी सल्लागार बंडींपाशीही तेच रडगाणं: हे लढण्याच्या लायकीचं नाही, आणि बाहेरही पडता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातातला, अमेरिकी युद्धनौकांवरचा, प्रत्यक्षात न झालेला दुसरा हल्ला निमित्ताला मिळाला. अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर. त्या ८८ मध्ये रसेलही होते. जुलै १९६५ मध्ये सैन्य सव्वा लाखावर नेण्याची घोषणा झाली, १९६८ मध्ये आकडा पाच लाखांपलीकडे गेला. अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक मेले. व्हिएतनामी किती, याचा अंदाजही लाखांतच करावा लागतो.

फ्रेडरिक लोगेवॉल हा इतिहासकार म्हणतो, जॉन्सनपुढे पर्याय होता, त्यांनी युद्ध निवडलं. बाकावर बसून मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. निकाल लागल्यावर पेपर सोडवणं सोपं असतं, बाबा! त्या आवाजातला घोर ऐक जरा.

पण लोगेवॉलच्या बाजूने एक साक्षीदार आहे, आणि तो त्याच काळातला आहे. नोव्हेंबर १९६४ ची निवडणूक जॉन्सननी ६१ टक्के मतांनी जिंकली. फेब्रुवारी १९६५ मध्ये उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्रींनी त्यांना लेखी कळवलं: माघारीची राजकीय किंमत सर्वांत कमी पडेल असं हेच वर्ष आहे. म्हणजे ज्या महाभियोगाच्या भीतीने अध्यक्षांची झोप उडाली होती, त्या भीतीवरचा उतारा टेबलावर येऊन पडला होता. जॉन्सननी काय केलं? व्हिएतनामवरच्या बैठकांना हम्फ्रींना बोलावणंच बंद केलं.