वळणातला स्वार

मोटरसायकल वळते ती झुकून. वेगात वळताना गाडी आणि स्वार यांचा मिळून जो एक गुरुत्वमध्य असतो, तो टायर टेकतो त्या जागेच्या आतल्या बाजूला न्यावा लागतो. नाहीतर गाडी बाहेरच्या अंगाला फेकली जाते. तो किती आत न्यायचा, हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. वजनाचा त्यात संबंध नाही. 50 मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी 90 किलोमीटर वेगाने जाणारी मोपेड असो की मोटोजीपी या सर्वोच्च जागतिक शर्यतमालिकेतली गाडी, टायरपासून गुरुत्वमध्यापर्यंतची रेषा उभ्या रेषेपासून सुमारे 52 अंश कललेली असावीच लागते. मोटोजीपीच्या शर्यतीत गाड्या 60 अंशांच्याही पुढे झुकतात.

हा हिशेब टायर सुरीच्या पात्याइतका अरुंद आहे असे धरून झाला. खरा टायर रुंद आणि गोलाकार असतो, त्यामुळे झुकलेली गाडी मधल्या रेषेवर न टेकता आतल्या कडेवर टेकते. टेकण्याची जागा आत सरकली की गुरुत्वमध्यही आणखी आत न्यावा लागतो. म्हणजे टायर जितका रुंद, तितकी गाडी काही अंश जास्त झुकवावी लागणार. स्वाराचे शरीर कामाला येते ते इथे. गाडी जास्त झुकवण्याऐवजी स्वारच सीटवरून आत उतरला, तर एकूण तोल तेवढाच साधतो आणि गाडी मात्र उभीच्या जवळ राहते. गुडघा जमिनीला घासणारा रेसर पाहून तो गाडी अधिक झुकवण्यासाठी लटकतो असे वाटते, पण त्याचा हेतू नेमका उलटा असतो.

याने पडणारा फरक मोजण्याजोगा आहे. मोटोजीपीतल्या 1000 सीसी गाडीचे किमान वजन 157 किलो. सूट, हेल्मेट आणि बूट धरून स्वार 75 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे इंधन जमेस धरले तरी एकूण भाराच्या तीस टक्के भार हलवता येण्याजोगा असतो. स्वाराचा गुरुत्वमध्य 20 सेंटिमीटर आत सरकला, तर एकत्रित गुरुत्वमध्य सहा सेंटिमीटर सरकतो. तो टायरपासून साधारण 60 सेंटिमीटरवर धरला, तर गाडीचा झुकाव पाच ते सहा अंशांनी कमी होतो. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या पाच अंशांवर पुष्कळ काही अवलंबून असते. पाय टेकवायचे फूटपेग जमिनीला घासत नाहीत. टायरच्या अगदी शेवटच्या कडेवर भार येत नाही. सस्पेन्शनही अधिक काम करते, कारण रस्त्याच्या उंचवट्याचा धक्का उभा येतो आणि सस्पेन्शन हलते गाडीच्या तिरप्या रेषेत. 60 अंशांवर त्या धक्क्याचा अर्धाच भाग सस्पेन्शनच्या दिशेने जातो. उरलेला टायरने आणि फ्रेमने सोसायचा असतो, म्हणूनच रेसिंगच्या फ्रेमला आडव्या दिशेने थोडी लवचीकता मुद्दाम ठेवलेली असते.

शरीर खाली नेल्याने गाडी स्थिर होते हा समज सर्वत्र आढळतो, आणि तो चुकीचा आहे. रुंद टायरवर गुरुत्वमध्य टायरच्या जवळ आला, तर तेवढ्याच वळणासाठी गाडी उलट जास्त झुकवावी लागते. उपयोग होतो तो आत सरकण्याचा. 60 अंश झुकलेल्या गाडीवरून ‘आत’ ही दिशा बाहेरून पाहणाऱ्याला बहुतांशी ‘खाली’ दिसते, एवढेच.

1960च्या दशकात माइक हेलवूडसारखे रेसर दोन्ही गुडघे टाकीला चिकटवून, गाडीच्या रेषेतच झुकत. टायर अरुंद होते, पकड बेताची होती, त्यामुळे त्या बैठकीत फारसे काही गमवावे लागत नव्हते. बर्फावरच्या शर्यतींतून आलेला फिनलंडचा यार्नो सारिनेन आत सरकून, गुडघा बाहेर काढून वळू लागला. तो 1972 साली 250 सीसी गटात जगज्जेता झाला आणि 1973 मध्ये माँझा येथील अपघातात मरण पावला. त्याची पद्धत पुढे नेऊन जगभर रुजवली ती अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने. 1978, 1979 आणि 1980 अशी सलग तीन वर्षे त्याने 500 सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. खाचा नसलेले स्लिक टायर आल्याने पकड वाढली होती, झुकाव वाढला होता आणि गुडघा जमिनीला पोचू लागला होता. सुरुवातीला रेसर गुडघ्यावर चिकटपट्टीचे थर लावत. पुढे प्लास्टिकचे बदलता येणारे स्लायडर आले. गुडघ्यावर वजन टाकायचे नसते. गाडी किती झुकली आहे हे कळण्याचे ते माप आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचा जाँ-फिलिप रुजिया कोपरही जमिनीला टेकवू लागला. तेव्हा ते नवल होते. 2013 मध्ये पदार्पणातच मोटोजीपी जिंकणाऱ्या मार्क मार्केझनंतर ती नेहमीची गोष्ट झाली. पुढचे चाक सुटल्यावर गुडघा आणि कोपर रेटून त्याने कितीतरी वेळा गाडी पुन्हा उभी केली.

वळणाची तयारी सरळ रस्त्यावरच सुरू होते. ब्रेक लावण्याआधी किंवा लावता लावता स्वार अर्धे बूड सीटवरून आत सरकवतो. गाडी झुकवतानाच सरकायला जावे तर ती डगमगते. ब्रेकचा जोर इतका असतो की शरीर स्वतःच्या वजनाहून अधिक बळाने पुढे ढकलले जाते. ते हातांवर पेलले तर हँडल आखडते, म्हणून मांड्यांनी टाकी घट्ट धरायची. याच टप्प्यावर बरेच रेसर आतला पाय फूटपेगवरून काढून हवेत सोडतात. 2005 मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या शर्यतीत इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसीने शेवटच्या वळणात तसे केले आणि हळूहळू जवळजवळ सगळ्यांनी ते उचलले. त्याचा नेमका फायदा काय, यावर स्वत: रेसरांचेही एकमत नाही.

गाडी झुकते ती हँडलमुळे: डावीकडे वळायचे तर डावे हँडल पुढे दाबायचे. शरीर सरकवणे त्याची जागा घेऊ शकत नाही. गाडी झुकली की बाहेरच्या पायाचे काम सुरू होते. पावलाचा पुढचा भाग फूटपेगवर, मांडी आणि गुडघा टाकीच्या खोबणीत अडकवलेला. सारे शरीर या एका पायावर टांगलेले असते. कौशल्याची खरी कसोटी हा बाहेरचा पाय आहे. छायाचित्रांत मात्र सदैव आतला गुडघाच दिसतो. पाय नीट अडकला असेल तर हात मोकळे राहतात, आतले कोपर वाकते आणि पुढच्या चाकाला स्वतःचा तोल शोधता येतो. हँडलला लोंबकळणारा स्वार ते चाक नकळत वळवत राहतो. छाती टाकीच्या मधल्या रेषेच्या आत आणि डोके त्याहून आत हवे. बूड बाहेर काढून डोके मात्र टाकीच्या वरच ठेवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. कमरेवरचा भारच जास्त असल्याने अशा लटकण्याने जवळजवळ काहीच साधत नाही. नजर आधी वळणाच्या आतल्या टोकावर आणि तिथे पोचण्यापूर्वीच बाहेर पडण्याच्या जागेवर जाते.

वळण सुटू लागले की थ्रॉटल उघडण्याच्या बेतात स्वार शरीर आतच ठेवतो आणि गाडी मात्र आपल्यापासून दूर ढकलून उभी करतो. मागचा टायर कडेवरून रुंद भागावर येतो आणि इंजिनाचा जोर झेलू शकतो. मोटोजीपीतल्या ठेंगण्या, हलक्या दानी पेद्रोसाचे वळणातून बाहेर पडणे या दृष्टीने पाहण्यासारखे होते. लागोपाठच्या उलटसुलट वळणांत शरीर एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचे ते पायांच्या बळावर, सीटला जेमतेम स्पर्श करत.

धूळमातीच्या ट्रॅकवर सगळे उलटते. तिथे स्वार स्वतः सरळ बसतो आणि गाडी आपल्या खाली दाबतो, कारण चाक घसरणारच असते आणि घसरल्यावर सावरता येणे महत्त्वाचे. पावसात डांबरी ट्रॅकवर मात्र बैठक तीच राहते, फक्त हालचाली संथ होतात आणि गाडी शक्य तितकी उभी ठेवली जाते.

ही सारी तंत्रे बंद ट्रॅकसाठी आहेत: जिथे समोरून वाहन येत नाही, प्रत्येक वळण आधी पाहिलेले असते आणि पडणाऱ्यासाठी कडेला मोकळी जागा ठेवलेली असते. 2018 पासून मोटोजीपीत एअरबॅग असलेला सूटही सक्तीचा आहे. ताम्हिणीसारख्या घाटात यांतले काहीच नसते. उजव्या वळणात लटकलेल्या स्वाराचे डोके मधली रेषा ओलांडून समोरच्या गाडीच्या वाटेत जाते, आणि पुढे खडी दिसली तर त्याच्याकडे आणखी झुकण्याची सवड उरत नाही. ज्यांना हे शिकायचे आहे त्यांनी ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकावे आणि सुरुवात बाहेरच्या पायापासून करावी.