लीड्समधल्या दोन आडव्या स्त्रिया

चि. भाचीस,


लीड्स आर्ट गॅलरीच्या दाराबाहेर पहुडलेली ब्राँझची स्त्री (१९८१) आणि आतल्या संग्रहातली तपकिरी दगडाची स्त्री (१९२९), दोन्ही हेन्री मूरच्याच. मधल्या काळात या शिल्पकाराची कामाची रीत पार उलटली.

मूर (१८९८–१९८६) यॉर्कशरमधल्या कॅसलफर्डचा, खाणकामगाराचा मुलगा. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर तो लीड्सच्याच कलाशाळेत शिकला. शिल्पकाराने मातीत नमुना करायचा आणि कारागिराने मापे घेऊन तो संगमरवरात उतरवायचा, ही तेव्हाची रूढ पद्धत. मूरला ती मान्य नव्हती. त्याने छन्नी-हातोडा स्वतः हाती घेतला. दगड दगडासारखाच दिसावा, त्यात मांसाचा मऊपणा आणू नये, हा त्याचा आग्रह. १९२९ची मूर्ती हॉर्नटनच्या दगडात आहे. तिची ठेवण मेक्सिकोतल्या प्राचीन चाकमूल मूर्तीवरून सुचलेली.

दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब, सुटा हात कोरला तर तुटण्याची धास्ती. म्हणून अवयव एकमेकांना धरून राहतात. शिवाय एकदा उडवलेली कपची परत बसत नाही. १९३०नंतर मूर मूर्तीला आरपार भोके पाडू लागला, तेव्हा ही मर्यादा जाचू लागली. मग धातू आला. आधी शिसे, तेही घरच्या चुलीवर बायकोच्या पातेल्यांत वितळवून (पातेल्यांचे काय झाले असेल ते उघड आहे), आणि पुढे ब्राँझ.

ब्राँझचे मूळ काम प्लास्टरमध्ये. तळहातावर मावेल असा नमुना मूर करी; मदतनीस तो सांगाड्यावर मोठा करत. प्लास्टर वाढवता येते, वाळल्यावर तासताही येते. पुढचे काम ओतशाळेचे. मेणाच्या पद्धतीत साच्यात मेणाचा पातळ थर देतात, उष्णता सोसणारे आवरण चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. मूर्ती आतून पोकळ राहते. शेवटी रसायनांनी रंग चढवतात.

विशीत ज्याने परक्या हातांना नकार दिला, त्याची उतारवयातली मोठी शिल्पे अशी अनेक हातांतून गेली. त्यामुळे आकार वाढला. पण जोर दगडी स्त्रीतच अधिक आहे.

एका ब्राँझच्या अनेक प्रती निघतात. लंडनला संसदेसमोरच्या मूरच्या 'नाइफ एज टू पीस'ची दुसरी प्रत कॅनडात व्हँकूवरला आहे. १९२९ची दगडी स्त्री मात्र एकच, लीड्सची.

तुझा,
मामा