टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतल्याने टक्कल पडतं का?



तपासणीत टेस्टोस्टेरॉनची कमतरता निघाली आणि उपचार सुरू करायचे ठरले, की बहुतेक पुरुष तीन प्रश्न विचारतात. हृदयाला काही होईल का? हे औषध कायमचं घ्यावं लागेल का? आणि मग खुर्चीवरून उठता उठता, आवाज थोडा खाली आणून, "डॉक्टर, केस तर नाही ना जाणार?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ते शांतपणे ऐकून घेतात. पण इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे पुष्कळदा तिसऱ्याच्या उत्तरावर ठरतं. म्हणून आज फक्त त्याबद्दल लिहितो.

उत्तर आधी सांगून टाकतो. टक्कल पडण्याची आनुवंशिक प्रवृत्ती तुमच्यात असेल, तर टेस्टोस्टेरॉनच्या उपचाराने ते पुढे सरकू शकतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या बारीक अक्षरांच्या कागदावरही दुष्परिणामांच्या यादीत त्याचा उल्लेख असतो. ती प्रवृत्ती नसेल, तर कमतरता भरून काढण्यापुरत्या मात्रेने तसं टक्कल पडण्याची शक्यता फार कमी. आता हे असं का, ते समजून घ्या, कारण "पडतं" किंवा "पडत नाही" एवढ्यावर थांबलात तर निर्णय चुकतो.

टेस्टोस्टेरॉन स्वतः केसांच्या मुळांचं फारसं नुकसान करत नाही. त्याचा काही भाग '५-अल्फा रिडक्टेज' नावाच्या विकरामुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी या दुसऱ्या संप्रेरकात बदलतो. रक्तात डीएचटी टेस्टोस्टेरॉनच्या साधारण एक दशांश एवढंच असतं, पण त्याची पकड जास्त घट्ट. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरची आणि टाळूवरची केसांची मुळं काही पुरुषांमध्ये या डीएचटीला फार संवेदनशील असतात. अशी मुळं हळूहळू लहान होत जातात. केस एकदम गळून जागा मोकळी होत नाही. प्रत्येक फेरीला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिकट येतो, आणि शेवटी नुसती लव उरते. याला वर्षं लागतात.

गंमत अशी की हेच डीएचटी दाढी वाढवतं. त्याच माणसाच्या हनुवटीवर केस दाट करतं आणि टाळूवरचे विरळ करतं. म्हणजे फरक संप्रेरकात नाही, मुळात आहे. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे दाखवून दिलं. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस काढून टकलावर लावले, तर ते नव्या जागीही पूर्वीसारखेच वाढत राहतात. आजचं हेअर ट्रान्सप्लांट याच गोष्टीवर उभं आहे.

संप्रेरक आणि टक्कल यांचा संबंध मात्र त्याहून जुना आहे. वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, ही नोंद हिपोक्रेटिसच्या नावाने असलेल्या ग्रीक वैद्यकीय लेखनातही आहे. तिचा नीट अभ्यास १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. वृषण काढलेले किंवा पूर्णपणे वयात न आलेले शंभरेक पुरुष त्याने पाहिले. वयात येण्याआधीच हे घडलेल्या पुरुषांचे केस शाबूत होते. त्यातल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस विरळ होऊ लागले, घराण्यात टक्कल नसलेल्यांचे झाले नाहीत. औषध थांबवल्यावर टक्कल पुढे सरकायचं थांबलं, पण गेलेले केस परत आले नाहीत. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या ऐंशी वर्षांपूर्वीच्या कामात आहे.

दुसरा दुवा मिळाला कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावात. तिथे काही घराण्यांमध्ये ५-अल्फा रिडक्टेज जन्मतःच कमी असलेली मुलं होती. १९७४ मध्ये डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. या मुलांचं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं. वयात आल्यावर आवाज फुटला, स्नायू भरले. पण डीएचटी कमी, प्रोस्टेट ग्रंथी लहान, दाढी तुरळक, आणि कपाळावरची केसांची रेषा जागच्या जागी. फिनास्टेराइड हे औषध याच निरीक्षणातून पुढे आलं. आधी १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी, मग १९९७ मध्ये लहान मात्रेत टकलासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

यावरून एक समज मोडीत निघायला हवा. टक्कल असलेल्या पुरुषाच्या अंगात पुरुषी संप्रेरक जास्त असतं, असं आपल्याकडे हसत हसत म्हटलं जातं. खरं तर त्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन इतरांएवढंच असतं. टकलामुळे पैसा येतो, या समजाला जेवढा आधार आहे तेवढाच यालाही.

आणि मामा? "टक्कल मामाकडून येतं" हे तुम्ही ऐकलं असेलच. यात तथ्य आहे, पण अर्धं. डीएचटी ज्या ग्राहकाला चिकटतं त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला ते गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. म्हणून मामा आणि आईचे वडील यांच्याकडे जरूर बघा. पण टकलात भाग घेणारी आणखी कितीतरी जनुकं इतर गुणसूत्रांवर आहेत, ती वडिलांकडूनही येतात. तेव्हा पुढच्या लग्नकार्यात दोन्हीकडच्या पुरुषांची डोकी बघून घ्या. टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी त्याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो रुग्ण. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. वय ३४. पाच वर्षांपूर्वी त्याच्या पिट्यूटरी ग्रंथीतली गाठ नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढली होती. मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी थायरॉइडला, अॅड्रिनलला आणि वृषणांना कामाचे हुकूम देते. तीच दुखावली गेल्यामुळे त्याला थायरॉक्सिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू होतं. घरी स्थळं बघणं सुरू झालं. त्याच सुमारास उशीवर, अंघोळीच्या जाळीवर केस दिसू लागले. मोबाइलवर शोधाशोध झाली, आणि कुणालाही न विचारता त्याने इंजेक्शन बंद केलं. आठ महिन्यांनी आला तेव्हा बरोबर थोरली बहीण होती. तीच म्हणाली, "डॉक्टर, हा पार मरगळलाय. संध्याकाळी कामावरून आला की आडवा होतो."

मी त्याला विचारलं, दाढी किती दिवसांनी करतोस? पूर्वी दिवसाआड करायचा, आता आठवड्यातून एकदा पुरायची. हा साधा प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो. हाडांची घनता मोजून घेतली, ती वयाच्या मानाने कमी होती. टेस्टोस्टेरॉन केवळ कामेच्छेसाठी असतं अशी समजूत आहे. हाडं, स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, मनाची उभारी, सगळं त्यावर थोडंफार अवलंबून असतं. चौतिशीत हाडं विरळ होऊ लागली, तर साठीत काय होईल याचा विचार करा.

आणि केस? आठ महिने इंजेक्शन बंद असूनही गळतच होते. ते सगळ्या डोक्यावरून सारखे गळत होते, मूठभर, काही महिन्यांतच. आनुवंशिक टक्कल असं येत नाही. म्हणून बाकीच्या तपासण्या पुन्हा केल्या, तर फ्री टी-४ कमी निघालं. झालं असं होतं की बाहेर कुठेतरी फक्त टीएसएच तपासून त्याच्या थायरॉक्सिनचा डोस उतरवला गेला होता. पिट्यूटरीचा आजार असलेल्या माणसात टीएसएच दिशाभूल करतं, कारण ते बनवणारी ग्रंथीच आजारी असते. तिथे फ्री टी-४ बघावं लागतं. तुमच्या घरात पिट्यूटरीची शस्त्रक्रिया झालेलं कुणी असेल, तर हे वाक्य कागदावर लिहून फाईलमध्ये ठेवा.

डोस वाढवला, इंजेक्शन पुन्हा सुरू केलं. चार-पाच महिन्यांत गळती थांबली. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर केस मागे सरकले होते, हुबेहूब मामासारखे. हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. "हे कोपरे इंजेक्शनमुळे आणखी थोडे मागे जातील का?" त्याने विचारलं. जातील, मी म्हटलं. पिट्यूटरीला गाठ झाली नसती, तरी गेले असते. इंजेक्शन तुला तुझ्याच वयाच्या निरोगी पुरुषाइतकं टेस्टोस्टेरॉन देतं, त्याहून जास्त नाही. तुझं जे टक्कल तुझ्या वाट्याला येणारच होतं, तेच येईल.

त्याला हे पटायला दोन भेटी लागल्या. आणखी एक गोष्ट लग्नाआधी सांगणं भाग होतं. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू वाढत नाहीत. निरोगी पुरुषात तर त्यांची निर्मिती दबते. मूल हवं असेल तेव्हा याच्यासारख्याला एचसीजी आणि एफएसएचच्या वेगळ्या इंजेक्शनांवर न्यावं लागतं. हे सगळं त्याने होणाऱ्या बायकोला सांगितलं म्हणे. कसं सांगितलं ते मी विचारलं नाही.

असा रुग्ण केसांसाठी औषध सोडतो तेव्हा त्याचं नुकसान होतं. पण उलट बाजूचे लोकही येतात. वय पंचेचाळीस, वजन जास्त, झोप अपुरी, "थकवा जात नाही" म्हणून दुपारी चार वाजता एकदाच रक्त तपासलेलं, आकडा थोडा कमी. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. म्हणून सकाळी, शक्यतो उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासायचं. दोन्ही वेळा ते डेसिलिटरमागे साधारण ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आणि सोबत लक्षणंही असतील, तरच उपचाराचा विचार करायचा. या माणसाचं वजन उतरलं आणि घोरण्यावर, झोपेवर उपचार झाले, तर आकडा पुष्कळदा आपोआप सुधारतो. गरज नसताना इंजेक्शन घेऊन त्याने केस गमावले, तर बदल्यात त्याला मिळालं काय?

जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून घेतली जाणारी इंजेक्शनं हा तर वेगळाच प्रकार आहे. तिथली मात्रा उपचाराच्या कित्येक पट असते. शिवाय त्यात स्टॅनोझोलोलसारखी डीएचटीपासूनच बनलेली स्टेरॉइड्स असतात. त्यांच्यापुढे फिनास्टेराइड काही करू शकत नाही, कारण अडवायला मधली पायरीच शिल्लक नसते. पंचविशीत कपाळ मोठं झालेली अशी मुलं मी पाहतो. केसांपेक्षा मला त्यांच्या वृषणांची आणि हृदयाची काळजी वाटते, पण येतात ती केसांसाठीच.

जेल की इंजेक्शन, असंही विचारलं जातं. त्वचेत ५-अल्फा रिडक्टेज भरपूर असल्यामुळे जेल लावल्यावर रक्तातलं डीएचटी इंजेक्शनपेक्षा जास्त वाढतं. मात्र केवळ तेवढ्यावरून मी जेल नाकारत नाही. घरात लहान मूल असेल, तर ते लावलेल्या जागी बिलगतं, ही अडचण मला मोठी वाटते.

केस टिकवायचेच असतील तर उपाय आहेत. ५ टक्के मिनॉक्सिडिल डोक्याला लावता येतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते उलट थोडे केस पाडतं, तेव्हा घाबरून सोडू नका; परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळालेलं पुन्हा जातं. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी जवळजवळ दोन तृतीयांशाने उतरवते. टेस्टोस्टेरॉनसोबत ती दिली, तरी स्नायू आणि हाडांना मिळणारा फायदा टिकतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण काही थोड्या पुरुषांची कामेच्छा तिने कमी होते, काहींचं मन खिन्न होतं. टेस्टोस्टेरॉन ज्या तक्रारीसाठी सुरू केलं तीच परत येणार असेल, तर गोळीचा अर्थ काय, हे आधी बोलून घ्या. शिवाय ती घेत असताना पीएसए जवळपास निम्मं दिसतं. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांना ही तपासणी वेळोवेळी करावी लागते, म्हणून लॅबचा कागद वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला गोळीबद्दल सांगा. गरोदर स्त्रीने या गोळीचा चुरा किंवा तुटलेला तुकडा हाताळू नये.

पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आदल्या दिवशी कपाळाचा आणि टाळूचा फोटो काढून ठेवा, केस कोरडे असताना, खिडकीजवळच्या उजेडात. सहा महिन्यांनी त्याच खिडकीजवळ दुसरा काढा आणि दोन्ही घेऊन या. कंगव्यातले केस मोजत बसू नका. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतातच, आणि डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी याहून कितीतरी जास्त.